झेन नंतर, आधी रोलर

मागच्या अंकात या सदरात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर लिहिलं होतं. नागपुरात १९२४ साली जन्मले, गिरगावच्या चाळीत वाढले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, उत्तरायुष्यात दिल्लीत निजामुद्दीनला बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले आणि मोजकीच चित्रं करून २००१ मध्ये गेले, एवढाच त्या लेखाचा ऐवज. सोबत त्यांचं एक सोनेरी-पिवळ्या रंगाचं चित्र छापलं होतं. संपादकांना वाटलं होतं, चार-दोन पत्रं येतील. पिशवीभर आली, आणि त्यातली निम्मी चिडलेली. मला चिडलेली पत्रं आवडतात. ठाण्यात शाळेत चित्रकला शिकवली तेव्हापासूनचा अनुभव आहे, ज्या वर्गात कुणी वाद घालत नाही त्या वर्गात कुणी बघतही नाही. जागा आहे तेवढी उत्तरं देते.

*

«बाई, तुम्ही छापलेलं चित्र मी आणि सौभाग्यवतींनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. नुसता पिवळा रंग फासलाय. आमचा सात वर्षांचा नातूसुद्धा काढेल. आणि म्हणे यांची चित्रं कोट्यवधींना जातात! हे काय गौडबंगाल आहे?»
— निवृत्त बँक अधिकारी, नौपाडा

आधी कोटींचा निकाल लावू, म्हणजे निवांत बोलता येईल. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत ताजमहाल हॉटेलात केला. त्यात गायतोंड्यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. पुढे २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९६१ सालच्या एका चित्राला ३९ कोटी ९८ लाख मिळाले. तुम्ही बँकेत होता, तुम्हाला मागणी-पुरवठा मी काय समजावणार? हा माणूस वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास करायचा. त्यातले कित्येक संग्रहालयांत जाऊन बसले, ते पुन्हा बाजारात येत नाहीत. उरलेल्यांसाठी पैसेवाले भांडतात. लिलावातल्या या पैशातली एक दमडी गायतोंड्यांच्या हाती लागली नाही, ते पहिल्या लिलावाच्या बारा वर्षं आधीच गेले होते. तेव्हा आकड्यावरून चित्र थोर म्हणू नका आणि आकड्यावर रागावून चित्राला नावंही ठेवू नका.

आता नातू. मी थट्टा करत नाही, खरंच बसवा त्याला. राम मारुती रोडवरून एक मोठा माउंटबोर्ड आणा, पिवळ्याच्या दोन-तीन छटा द्या आणि सांगा, हा अख्खा कागद पिवळा कर, पण बघणाऱ्याला कंटाळा येता कामा नये. पहिली काही मिनिटं स्वारी खूश असेल. मग त्याला तो कागद रिकामा वाटायला लागेल, आणि तो कोपऱ्यात सूर्य काढेल, खाली घर काढेल, घराला कौलं काढेल. सात वर्षांच्या मुलाने तेच करावं, त्यात काही चुकीचं नाही. मोठ्या माणसालाही तोच मोह होतो. साठ-सत्तर इंच उंचीचा कॅनव्हास सूर्याविना, घराविना ठेवायचा आणि तरी त्यावरची नजर घसरू द्यायची नाही, हे काम किती अवघड आहे ते नातवाच्या शेजारी बसून स्वतः एक कागद रंगवलात की कळेल.

आणि एक करा. मागचा अंक रद्दीत गेला नसेल तर तेच पान दिवसा खिडकीपाशी धरा आणि चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात किती वेगवेगळे पिवळे दिसतात ते सौ.ना मोजायला सांगा. बायकांना साड्यांमुळे पिवळ्यातले फरक पुरुषांपेक्षा लवकर कळतात, असं माझं निरीक्षण आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

*

«मी बी. एफ. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनसाठी गायतोंडे घेतलेत. सगळीकडे लिहिलेलं आहे की झेन या जपानी बौद्ध तत्त्वज्ञानामुळे ते अमूर्ताकडे वळले. नक्की कोणत्या वर्षी वळले आणि त्याआधी काय करत होते?»
— विद्यार्थी, वाशी

अमूर्त म्हणजे ओळखीची आकृती नसलेलं चित्र, आणि त्याकडे वळण्याचं असं एक वर्ष तुला सापडणार नाही. एकेक गोष्ट हातातून सुटत गेली आणि ती सुटायला वीस वर्षं लागली. ती कशी सुटली ते क्रमाने सांगते.

१९४८ साली त्यांनी जे. जे.चा डिप्लोमा घेतला. त्या काळात तिथे जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीचा वर्ग चालवायचे, शंकर पळशीकरही शिकवायचे. लघुचित्रं समोर ठेवून अभ्यास व्हायचा. तो अभ्यास गायतोंड्यांच्या पन्नासच्या सुरुवातीच्या चित्रांत उघड दिसतो. त्यांत माणसं आहेत, बायका आहेत, काळ्या बाह्यरेषा आहेत, आणि रंग जैन पोथ्यांमधल्यासारखे सपाट, एकमेकांना चिकटून लावलेले. सावली नाही, खोली नाही. हे नीट बघ, कारण पुढे जे झालं त्याचं बी इथे आहे. ज्याला सावलीने फसवून गोलाई आणायची नाही, त्याच्यापाशी उरतो तो पृष्ठभाग.

याच सुमारास मुंबईतल्या बंडखोर तरुण चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने त्यांना आपल्यात घेतलं. तोवर ग्रुपचे एक संस्थापक सूझा लंडनला निघून गेले होते, ग्रुप विस्कटायला लागला होता. गायतोंडे तसेही गटात रमणारे नव्हते. या ग्रुपवर सबमिशनमध्ये पानं भरू नकोस. सगळेच भरतात.

त्यापेक्षा पॉल क्ले या युरोपातल्या चित्रकारावर थांब. क्लेच्या चित्रांत रेषा वस्तूला वेढा घालत नाही, ती आपली आपण फिरायला निघते. गायतोंड्यांची ठळक बाह्यरेषा क्लेच्या सहवासात सैल झाली. आधी माणसाचं शरीर रंगाच्या तुकड्यांत मोडलं, मग तुकडे राहिले आणि माणूस गेला. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं, तो या मधल्या अवस्थेचा काळ. पन्नासचं दशक संपता संपता आकृती संपली होती.

आता ज्या गोष्टीवर मला भांडायचंय तिथे आलो. साठच्या आगेमागे त्यांच्या हातातला ब्रश मागे पडला आणि रोलर व पॅलेट नाइफ आले. ब्रशने काढलेल्या रेषेला मनगट असतं. ती जाड-बारीक होते, तिला सुरुवात आणि शेवट असतो, आणि मनगटाला सवयीने माणसाचं नाक, झाडाची फांदी काढायची खोड असते. रोलरला ही खोड नाही. तो पट्टा ओढतो. पट्ट्यावर पट्टा पडला की खालचा थोडा झाकला जातो, थोडा दिसत राहतो, आणि सुरीने खरवडलं की आणखी खालचा वर येतो. म्हणजे चित्र ‘काढणं’ बंद झालं आणि पृष्ठभाग घडवणं सुरू झालं. ज्याला आपण गायतोंड्यांची शैली म्हणतो तिचा मोठा वाटा या अवजारबदलात आहे, असं माझं ठाम मत आहे.

झेन होतं, ते मी नाकारत नाही. त्यांना झेनची ओढ होती, रमण महर्षींची होती, निसर्गदत्त महाराजांची होती. पण निसर्गदत्त महाराजांकडे खेतवाडीच्या माळ्यावर कितीतरी माणसं जायची. ती सगळी श्रद्धेने घरी परतली, कुणी असे कॅनव्हास केले नाहीत. सबमिशनमध्ये झेनला एक परिच्छेद दे आणि रोलरला तीन.

पुढचं भराभर सांगते. वॉर्डन रोडवर समुद्राला लागून भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होतं, तिथे त्यांना स्टुडिओ मिळाला. त्याच आवारात सतारवादक रविशंकर, नाट्यदिग्दर्शक अल्काझी, चित्रकार हुसेन अशी मंडळी वावरत होती, चित्रकार नसरीन मोहमदी होत्या. साठच्या सुरुवातीची त्यांची बरीच चित्रं आडवी आहेत, आडव्या पट्ट्यांची, मधून प्रकाश फुटणारी. लोकांना त्यात समुद्र दिसतो. मलाही दिसतो. समुद्र त्यांनी काढला नसेल, पण खिडकीबाहेर होता खरा.

१९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. परत आल्यावर काही वर्षांत कॅनव्हास उभा झाला. हा बदल पुस्तकांत एका ओळीत उरकतात आणि मला तो फार मोठा वाटतो. कॅनव्हास आडवा असला की डोळा क्षितिज शोधतो, क्षितिज सापडलं की वर आकाश आणि खाली पाणी होऊन जातं, आणि आपण सुटतो. कॅनव्हास उभा केला की ही पळवाट बंद. सत्तरच्या दशकातल्या उभ्या चित्रांत मधोमध लिपीसारखे दिसणारे आकार येतात. अक्षरं वाटतात पण वाचता येत नाहीत. पद्मश्री १९७१ ची, आणि त्यानंतर लगेचच त्यांनी मुंबई सोडून दिल्ली गाठली.

१९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून रोलर चालवणं काही वर्षं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईची रेखाटनं केली. आणि बघ, रेषा परत आली! अहिवासींच्या वर्गातली नव्हे, पण रेषाच. शरीराला जे झेपलं त्याने पुन्हा शैली बदलली. नंतर ते कॅनव्हासकडे परतले आणि नव्वदच्या अखेरीस थांबले. या रेखाटनांकडे कुणी फारसं बघत नाही. तू बघ, सबमिशन वेगळं होईल.

*

«गायतोंडे म्हणजे भारतीय रॉथ्को, असं वाचलं. म्हणजे न्यूयॉर्कला जाऊन उचललं की काय?»
— वाचक, पाचपाखाडी

तारखा बघा. आकृती सुटली पन्नासच्या अखेरीस, रोलर आला साठच्या आगेमागे, न्यूयॉर्क १९६४ मध्ये. रॉथ्को हा न्यूयॉर्कचा अमूर्त चित्रकार, त्याच्या स्टुडिओत ते जाऊन आले, हे खरं. भेटीने बळ मिळालं असणार, ते कुणालाही मिळतं. पण रॉथ्कोचे रंगाचे चौकोन कडांना विरघळतात आणि तेवढ्यावरच उभे असतात. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर ओरखडे आहेत, कागदाचे ठसे आहेत, खरवडलेल्या जागा आहेत. दोन्ही चित्रांपासून हातभर अंतरावर उभं राहिलं तर कुणी गोंधळणार नाही. मोबाइलवर दोन्ही अंगठ्याएवढी दिसतात, म्हणून सारखी वाटतात.

*

«मी आयटीत आहे, शनिवार-रविवार ॲक्रिलिकमध्ये ॲबस्ट्रॅक्ट करतो. गायतोंड्यांच्या चित्रात आतून दिवा लावल्यासारखा उजेड असतो. माझा तिसऱ्या थराला चिखल होतो. नक्की काय चुकतंय? आणि ते कागद वापरायचे म्हणजे काय करायचे?»
— घोडबंदर रोड

हे पत्र वाचून मला बरं वाटलं. कोटींबद्दल न विचारता चिखलाबद्दल विचारणारा माणूस खरा रंगवणारा.

उजेड पांढऱ्या जमिनीतून येतो. कॅनव्हासला पांढरं प्राइमिंग, म्हणजे रंगाआधीचा लेप, असतं. त्यावर पातळ, पारदर्शक थर असेल तर प्रकाश त्यातून आत जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. तुम्ही काय करता ते मी न बघता सांगते. रंग उजळ करायला त्यात पांढरा मिसळता. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक. तो मिसळलात की खडू झाला, आतला रस्ता बंद. उजळ हवं असेल तर रंग पातळ करा. पांढरा शक्यतो शेवटी, आणि तोही मोजून.

ट्यूबवर एक छोटा चौकोन छापलेला असतो. बऱ्याच कंपन्यांचा तोच संकेत आहे: चौकोन रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला काळा असेल तर अपारदर्शक, अर्धा तर अर्धा. बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन, प्रशियन ब्लू हे पारदर्शक. कॅडमियम यलो आणि यलो ऑकर साधारण अपारदर्शक. तिसऱ्या थराला चिखल होण्याचं दुसरं कारण म्हणजे खालचा थर अर्धवट ओला असताना वर विरुद्ध रंग जातो. पिवळ्यावर जांभळा ओल्यात गेला की तपकिरी होणारच, त्याला देवही काही करू शकत नाही.

आता अवजारं. भिंतीला रंग लावायचा स्पंजचा रोलर नको, त्याचे बुडबुडे उठतात. छापचित्रवाले लिनोलियमच्या कोरलेल्या ठशावर शाई लावायला वापरतात तो कडक रबरी रोलर घ्या. एका काचेवर रंग पसरून रोलरवर अगदी पातळ घ्या आणि दाब न देता कॅनव्हासवरून फिरवा. कॅनव्हासच्या विणीला उंचवटे आणि खळगे असतात. कडक रोलर फक्त उंचवट्यांना शिवतो, खळग्यांत खालचा रंग तसाच राहतो. टॉर्च तिरपा धरून बघा, दोन रंग मिसळलेले दिसणार नाहीत, शेजारी शेजारी बसलेले दिसतील. लांबून मात्र डोळा ते एक करतो आणि पृष्ठभाग हलल्यासारखा वाटतो. तुम्ही ज्याला दिवा म्हणता त्यातला बराचसा भाग हा आहे.

कागदाचं असं. गायतोंडे वर्तमानपत्रांचे, मासिकांचे तुकडे फाडून त्यांना रंग लावून कॅनव्हासवर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचे आणि उचलायचे. आकाराचा ठसा उरायचा. तुम्ही दोन्ही तऱ्हांनी करून बघा. गुळगुळीत मासिकाचा कागद रंग पीत नाही, म्हणून त्यावर रंग लावून ठेवला तर तो कॅनव्हासला देतो. वर्तमानपत्राचा कोरा तुकडा ओल्या रंगावर ठेवून दाबला तर तो रंग शोषून घेतो आणि खालचा थर उघडा करतो. एक देणारा, एक घेणारा. कात्रीने कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेला तंतू निघतात आणि ठशाची कड जिवंत येते. वर्तमानपत्राची छपाईची शाई टर्पेंटाइनने सुटते आणि कधीकधी बातमीची उलटी अक्षरं कॅनव्हासवर उतरतात, तेवढं जपा. किंवा जपू नका, मजा येते.

पण ॲक्रिलिकमध्ये हे जमायला कठीण. पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत वाळतो आणि कागद चिकटून बसतो. रिटार्डर घालून वेळ थोडा वाढवता येतो. खरं म्हणजे यासाठी तैलरंगच हवेत. तिथे एक नियम पाळा. पहिल्या थरांत टर्पेंटाइन जास्त, पुढच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी आखडतो आणि तडे जातात. थर वाळायला दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी. तुमच्या घोडबंदरला येऊरची दमट हवा येते, तिथे जुलैत थर वाळण्याची वाट बघत मालिका बघण्यापलीकडे काही करता येत नाही. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास का होत असतील ते तुम्हाला तेव्हा पटेल.

एक गोष्ट दटावून सांगते. एसी लावून बंद खोलीत टर्पेंटाइन वापरायचं नाही, खिडकी उघडी हवी. आणि जवसाच्या तेलाचे बोळे, फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाका. मी गॅलरीत रंगवते. शेजारच्या वहिनी वासावरून ओळखतात आणि आपले कपडे आत घेतात.

*

«माझी मुलगी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. अचानक मानवी आकृती सोडून फक्त रंगांचे थर लावत बसते. तिचे सर म्हणतात आधी हात बसव. तिचे बाबा म्हणतात ॲनिमेशनला जा, यावर पोट कसं भरणार? दोघांचं ऐकत नाही. ताई, तुम्ही तिला समजावा.»
— एक आई, नेरुळ

तिला समजावण्याआधी तुम्हा दोघांशी बोलते.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आकृती आधी आणि अमूर्त मग, अशी काही पायरी नाही. पण रोज रेखाटन करणाऱ्याला एक गोष्ट साधते. कुठे थांबायचं ते हाताला कळतं. रंगाचे थर लावणाऱ्याला हेच कळलं नाही तर सगळे थर सारखे होतात. तेव्हा तिला आकृती काढायला लावू नका, रेखाटन करायला सांगा. नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकाठी चिखल असतो, कांदळवनाची मुळं असतात, हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. फ्लेमिंगो सगळेच काढतात. तिला म्हणावं, ओहोटीनंतरचा चिखल काढ. त्यात अमूर्तवाल्याला लागतं ते सगळं आहे.

बाबांसाठी चित्रकार प्रभाकर बरवे यांचं उदाहरण देते. जन्म १९३६, अलिबागजवळचं नागाव. १९५९ मध्ये जे. जे.तून बाहेर पडले आणि १९६१ मध्ये विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हे सरकारी केंद्र, हातमागाच्या कापडासाठी नवी नक्षी तयार करायचं काम. आधी वाराणसीत, मग मुंबईत, १९८२ पर्यंत नोकरी केली. अमूर्त चित्रकार अंबादास खोब्रागडेही, अकोल्याचे, पुढे ऑस्लोत स्थायिक झालेले, याच केंद्रात होते. दोघांपैकी कुणीही अर्धवेळ चित्रकार ठरला नाही. वाराणसीत बरव्यांना तंत्रमार्गातली, म्हणजे तांत्रिक उपासनेतली, प्रतीकं भेटली, ती सुरुवातीच्या चित्रांत आली. पुढे त्यांनी एनॅमल रंग धरला, आणि पान, घड्याळ, ढग, सफरचंद अशा ओळखीच्या वस्तू अनोळखी जागेत तरंगू लागल्या. म्हणजे हा माणूस अमूर्ताच्या दारातून वस्तूंकडे परतला. तुमची मुलगीही पाच वर्षांनी कुठे असेल ते आज सांगता येणार नाही, तिलाही नाही.

तेव्हा नोकरी करू द्या, पण रंगाशी, कापडाशी, छपाईशी जवळीक असलेली. ॲनिमेशनला माझा विरोध नाही, तिथे दिवसभर पडद्यावर डोळे फुटतात आणि रात्री कॅनव्हाससमोर उभं राहायची ताकद उरत नाही, एवढंच. शाळेत चित्रकला शिक्षिका व्हावं असं मी एके काळी सर्रास सांगायचे. आता शाळा ती जागा भरतच नाहीत, पीटीच्या सरांकडे चित्रकलेचा तास देतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटचे फॉर्म भरायला मात्र मुलं लागतात. जाऊ द्या, त्यावर लिहिलं तर अंक पुरणार नाही.

पुढच्या रविवारी तिला एकटीला माझ्याकडे पाठवा, थर घेऊन. सोबत येऊ नका.

*

«अमूर्त चित्र उलटं टांगलं आहे की सुलटं, हे कसं ओळखायचं? आमच्या सोसायटीच्या लॉबीत एक लावलं आहे, त्यावरून मीटिंगमध्ये वाद झाला.»
— सेक्रेटरी, खारघर

मागे बघा. चित्रकाराची सही बहुधा मागे असते, गायतोंडेही कॅनव्हासच्या मागच्या बाजूला सही करायचे, पुष्कळदा देवनागरीतही. सही सरळ दिसली की चित्र सरळ. काही जण लाकडी चौकटीवर वरच्या दिशेला बाण काढतात. दोन्ही नसेल तर रंगाचे ओघळ बघा, रंग खालीच वाहतो. अर्थात रंगवताना कॅनव्हास फिरवणारेही असतात, तिथे ओघळ खोटं बोलतात. माझं एक चित्र ठाण्यातल्या एका बिल्डरने नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात डोक्यावर उभं केलं होतं. मी सांगितल्यावर तो म्हणाला, मॅडम, लोकांना असंच आवडतंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मतदान घ्या आणि चहा मागवा.

*

«बाई, मी तुमची १९९६ च्या बॅचची, मागच्या बाकावरची. चित्रकलेत कच्ची होते. आता मुलाला घेऊन गायतोंड्यांचं खरं चित्र बघायचं आहे. ठाण्याहून कुठे जाऊ? आणि बघायचं कसं ते सांगा, नाहीतर तो पाच मिनिटांत मोबाइल काढेल.»
— ऐरोली

मागच्या बाकावरच्या कच्च्या मुलीच मला लक्षात राहतात, म्हणजे तू कोण ते मी ओळखलं असं समज.

फोर्टमध्ये सर कावसजी जहांगीर हॉल आहे, तिथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्यात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, गायतोंड्यांसह. ऐरोलीहून ठाण्याला या, ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून चालत. सोमवारी जाऊ नकोस, राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं. आणि निघायच्या आधी फोन करून विचार की गायतोंडे सध्या भिंतीवर आहेत की गोदामात. संग्रहालयं चित्रं आलटून पालटून लावतात आणि माणसं उगाच दारावरून परततात.

पोहोचल्यावर मुलाला काही समजावू नकोस. आधी दाराशी उभं राहून लांबून बघू दे. मग चित्रापासून हातभर अंतरावर ने, हात मागे बांधून, आणि एकच काम दे: रोलरची कड जिथे संपली ती जागा शोध. एक सापडली की दुसरी शोधेल. मग बाजूला जाऊन तिरक्या नजरेने बघायला सांग, खरवडलेले भाग तिथून दिसतात. कंटाळला तर कंटाळू दे, खाली येऊन सँडविच खा आणि पुन्हा एकदा वर जा. दुसऱ्या फेरीत मुलं जास्त बघतात. तोवर कापूरबावडीच्या कलाभवनात काही लागलं असेल तर ते आपल्या दाराशी आहे, तेही दाखव.

*

पुढच्या अंकात प्रभाकर बरवे. एनॅमल रंगाबद्दल प्रश्न असतील तर ते आधी पाठवा, कारण मला हार्डवेअरवाल्याकडे जाऊन भाव विचारावे लागतील. किमतीबद्दलची पत्रं यावेळी एकाच लिफाफ्यात घालून नौपाड्याच्या बँकवाल्या काकांकडे पाठवणार आहे.